राखीव जागांचा त्याग : एक अपुरे राहिलेले वचन

राजकारणाचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, राजकारण हा भल्या माणसाचा प्रांतच नव्हे. दुसरा, आपली संख्या मुळातच इतकी थोडी की आपल्याला विचारतो कोण? पहिल्या सुरात तिटकारा आहे, दुसऱ्यात हताशपणा. आणि गंमत अशी की एकच गृहस्थ रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभे राहून पाच मिनिटांत हे दोन्ही सूर आळवून मोकळे होतात. या भावनांना काही आधारच नाही असे कोणी म्हणणार नाही. वर्तमानपत्र उघडावे तो त्या रोज नव्याने बळावतात. परंतु राजकारणापासून अलिप्त राहणे हे जणू आपल्या समाजाच्या ललाटी आरंभापासूनच लिहिलेले होते, अशी जी एक समजूत आपण करून घेतली आहे, ती इतिहासाला धरून नाही. एके काळी कायदेमंडळात आपल्या हक्काच्या जागा होत्या. त्या आपल्या पुढाऱ्यांनी पूर्ण विचारांती सोडून दिल्या, आणि सोडताना देशाकडून एक वचन घेतले व देशाला एक वचन दिले. तो दिवस २६ मे १९४९ चा. आपल्या धर्मग्रामांत अनेक तारखा भक्तिभावाने पाळल्या जातात. ही तारीख मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

थोडे मागे जावयास हवे. इंग्रजांनी १९०९ च्या सुधारणांन्वये मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९१९ च्या सुधारणांनी ती वाट अधिक रुंद केली. पंजाबात शिखांना, मद्रास इलाख्यात भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. आपल्या मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. पुढे १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत एकूण १७५ जागांपैकी ३ जागा भारतीय ख्रिस्ती लोकांच्या वाट्याला आल्या. मद्रासमध्ये हा आकडा ८ होता.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्याच्याभोवती फिरतो. स्वतंत्र मतदारसंघात उमेदवारही ख्रिस्ती आणि मतदारही केवळ ख्रिस्ती. त्यांची मतदारयादीच निराळी. राखीव जागेत उमेदवार ख्रिस्तीच असावा लागतो, परंतु मत मात्र त्या मतदारसंघातील सर्व धर्मांचे लोक देतात. पहिल्या पद्धतीत आपला प्रतिनिधी शेजाऱ्याच्या दारात मत मागावयास कधीच जात नाही, आणि शेजाऱ्याचा प्रतिनिधीही आपल्या उंबऱ्याशी येत नाही. एकाच विहिरीचे पाणी पिणारी, एकाच बाजारात भाजी विकणारी माणसे मतदानाच्या दिवशी मात्र परकी होतात.

ही व्यवस्था आपल्या सर्वच पुढाऱ्यांना मान्य होती काय? मुळीच नाही, आणि येथे आपण कॅथॉलिकांनी थोडे नम्र व्हावे हे बरे. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत भारतीय ख्रिस्ती समाजाची बाजू मांडणारे के. टी. पॉल हे प्रॉटेस्टंट गृहस्थ. ‘वाय. एम. सी. ए.’ संस्थेचे ते पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस. त्यांचा स्वतंत्र मतदारसंघांना विरोध होता. दुसऱ्या परिषदेतील डॉ. एस. के. दत्त यांचाही तसाच. उलट, मद्रासचे कॅथॉलिक पुढारी ए. टी. पनीरसेल्वम यांनी १९३१ साली लंडनमध्ये इतर अल्पसंख्य गटांबरोबर जो करार केला, त्यात स्वतंत्र मतदारसंघांचीच मागणी होती. त्या करारावर आगाखान यांची सही आहे, तशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही आहे. तेव्हा पनीरसेल्वम यांनी काही भलतेच मागितले असे म्हणता येणार नाही. ज्याला बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीचा अनुभव कडू आला आहे तो स्वतंत्र दार मागतो, हे समजण्यासारखे आहे. असो.

९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समिती प्रथम भरली. तिच्या उपाध्यक्षपदी जानेवारी १९४७ मध्ये हरेंद्रकुमार मुखर्जी यांची निवड झाली. हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ कलकत्ता विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. राहणी साधी, बोलणे मोजके, आणि आपल्या मिळकतीचा मोठा भाग विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाला देऊन टाकणारा माणूस. पुढे ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले व त्या पदावर असतानाच १९५६ साली निवर्तले. घटना समितीतील ख्रिस्ती सभासदांत आणखीही नावे होती. मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे प्राचार्य व मूळचे मंगळूरचे येशूसंघीय धर्मगुरू फा. जेरोम डिसोझा, आसामचे रेव्हरंड जे. जे. एम. निकल्स-रॉय, राजकुमारी अमृत कौर, छोटा नागपूरच्या आदिवासींचे जयपाल सिंग मुंडा आणि आपल्या मुंबईचे जोसेफ आल्बन डिसोझा. संख्येने थोडे, परंतु सभागृहात त्यांच्या बोलण्याला वजन होते.

सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्क व अल्पसंख्याक यांसाठी सल्लागार समिती नेमण्यात आली, आणि तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षपद मुखर्जींकडे आले. ऑगस्ट १९४७ मध्ये सरदारांनी जो अहवाल सभागृहापुढे ठेवला त्याने स्वतंत्र मतदारसंघ मोडीत काढले. परंतु दहा वर्षांकरिता लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मान्य केल्या. त्या मुसलमानांना होत्या, अनुसूचित जातींना होत्या आणि भारतीय ख्रिस्ती समाजालाही होत्या. आपल्याला मध्यवर्ती कायदेमंडळात आणि मद्रास व मुंबई या प्रांतांत त्या मिळावयाच्या होत्या. पारशी समाजालाही हा हक्क देऊ केला होता. त्याच्या प्रतिनिधींनी तो आपण होऊन नाकारला.

म्हणजे १९४७ च्या ऑगस्टमध्ये जागा हातात होत्या. त्यांच्यासाठी भांडावे लागणार नव्हते. फेब्रुवारी १९४८ च्या घटनेच्या मसुद्यातही त्या होत्या.

पुढील दोन वर्षांत देशाने जे भोगले ते सर्वश्रुत आहे. फाळणीची कत्तल झाली, निर्वासितांचे लोंढे आले, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. धर्माच्या नावाने उभ्या केलेल्या राजकारणाचे फळ काय असते ते डोळ्यांपुढे होते. ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर जी चर्चा झाली ती याच छायेत. धर्माचे आचरण करण्याचा हक्क कोणी नाकारीत नव्हते. परंतु ‘प्रसार’ हा शब्द घटनेत असावा काय, यावर तीव्र मतभेद होते. लोकनाथ मिश्रांसारख्या सभासदांनी त्यावर कडाडून हल्ला केला. त्या शब्दाच्या बचावासाठी उभे राहिले कोण? कन्हैयालाल मुनशी, के. संतानम, टी. टी. कृष्णम्माचारी, सारे हिंदू सभासद. ख्रिस्ती समाजाने या शब्दावर भर दिला होता, आणि तो अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीचा भाग असल्याने ती पाळली पाहिजे, असे मुनशींनी सभागृहाला बजावले. कृष्णम्माचारींनी सांगितले की मी अनेक वर्षे ख्रिस्ती शिक्षणसंस्थांत शिकलो, पण माझा धर्म बदलण्याचा प्रयत्न तेथे कोणी केला नाही. तो शब्द टिकला. आज तो घटनेच्या २५ व्या कलमात आहे. आपल्या शाळांनी आजवर पुष्कळ काही केले, पण त्यांच्यातून शिकून गेलेल्या एका ब्राह्मण विद्यार्थ्याने त्या दिवशी दिलेली साक्ष ही त्यांची एक मोठीच कमाई म्हणावी लागेल.

या पार्श्वभूमीवर ११ मे १९४९ रोजी सल्लागार समिती पुन्हा बसली. अनुसूचित जाती वगळता इतर अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवू नयेत, असा ठराव मांडला गेला, आणि तो मांडणारे होते स्वतः हरेंद्रकुमार मुखर्जी. समितीने तो स्वीकारला. २५ मे रोजी सरदारांनी तो सभागृहापुढे ठेवला व दुसऱ्या दिवशी तो संमत झाला.

त्या दोन दिवसांच्या चर्चेचे वृत्त वाचावयास मिळाले तर प्रत्येकाने अवश्य वाचावे. सर्वच सभासद या निर्णयावर खूश होते असे नाही. मद्रासचे महंमद इस्माईल यांनी स्वतंत्र मतदारसंघच कायम ठेवावेत अशी उपसूचना मांडली. झेड. एच. लारी यांनी अधिक शास्त्रशुद्ध मुद्दा काढला. राखीव जागा नकोत हे मान्य. पण मग मतदानाची पद्धत तरी अशी ठेवा की विखुरलेल्या अल्पसंख्याकांची मते वाया जाणार नाहीत. हा मुद्दा सभागृहाने बाजूला सारला. मला वाटते, लारींचे म्हणणे त्या वेळी अधिक शांतपणे ऐकून घेतले गेले असते तर बरे झाले असते. तीस-पस्तीस टक्के मतांवर निवडून येणारे उमेदवार आणि मतांच्या गठ्ठ्यांचे गणित यांना आज आपण कंटाळलो आहोत. त्यांचे मूळ ज्या मतदानपद्धतीत आहे, तिच्यावरचा प्रश्न त्या दिवशीच विचारला गेला होता.

मुखर्जींचे म्हणणे सरळ होते. आपल्याला निधर्मी राज्य उभारावयाचे आहे असे आपण म्हणतो. ते प्रामाणिकपणे म्हणत असू तर धर्माच्या पायावर राजकीय अल्पसंख्याक मानणे त्या राज्यात बसत नाही. फा. जेरोम डिसोझा यांनीही ठरावाला पाठिंबा दिला. पंडित नेहरूंनी या निर्णयाला श्रद्धेची कृती म्हटले. ही श्रद्धा सर्वांनीच दाखवावयाची आहे, पण विशेषतः बहुसंख्य समाजाने, कारण यापुढे इतरांशी उदारपणे व न्यायाने वागून दाखविण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरदारांनीही बहुसंख्याकांना हेच सुनावले: अल्पसंख्याकांच्या जागी आपण असतो तर आपल्याला काय वाटले असते, याचा विचार करणे हे आपले काम आहे.

हेच ते घेतलेले वचन. आता दिलेले वचन कोणते? ते ठरावात लिहिलेले नाही, परंतु ठरावाच्या पोटात आहे. जो समाज वेगळे दार बंद करून घेतो तो मोठ्या दाराने आत येईन असे म्हणत असतो. आम्हांला ख्रिस्ती म्हणून तीन खुर्च्या नकोत. आम्ही नागरिक म्हणून तुमच्याबरोबर उभे राहू, सर्वांची मते मागू, सर्वांचे प्रश्न आमचे मानू. जागा सोडणे याचा अर्थ राजकारण सोडणे असा नव्हता. नेमका उलट होता.

या उज्ज्वल पानावर एक काळी रेघ आहे, तीही सांगितली पाहिजे. जागा सोडण्याचा निर्णय घेणारे आपले पुढारी शिकलेले, प्रतिष्ठित, शहरांत स्थिरावलेले होते. खेड्यापाड्यांतील पूर्वास्पृश्य ख्रिस्ती बांधवांना कोणी विचारले होते? १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला त्याने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित केल्या. पुढे १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यात घेण्यात आले; दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. मराठवाड्यात आणि पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आपले हजारो बांधव त्याच वस्तीत राहतात, तोच तिरस्कार सोसतात, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यामुळे सवलतीला मुकतात. वरच्यांनी आपण होऊन सोडले त्याला त्याग म्हणतात. खालच्यांकडून न विचारता गेले त्याला हा शब्द लावता येत नाही. याविषयी वसई-मुंबईच्या सुस्थित धर्मग्रामांत जी शांतता असते तिचा विचार कधीतरी व्हावयास हवा.

घटना तयार झाली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी केलेले भाषण पुष्कळांना परिचित आहे. घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. राजकारणातील विभूतिपूजा हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे. आणि राजकारणात समता व समाजात विषमता हे विसंगत जीवन फार काळ चालणार नाही, हे इशारे त्यांनी त्या दिवशी दिले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी समारोप करताना जी खंत बोलून दाखविली ती मात्र फारशी आठवली जात नाही. कायदा राबविणाऱ्याला आपण मोठमोठ्या पात्रता लावतो, परंतु कायदा करणाऱ्याला निवडून येण्याखेरीज कसलीच पात्रता लावू शकलो नाही, असे ते म्हणाले. बुद्धीचा समतोल आणि चारित्र्य यांचे मोजमाप कलमात लिहिता येत नाही, ही त्यांची अडचण होती. ती आजही सुटलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता व आपल्यावरील खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात. आपण ते वाचतो काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आहे.

जागा गेल्या, आणि शाळा राहिल्या. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क दिला. तो आपण मनापासून वापरला. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, पतपेढ्या यांत आपली हुशार माणसे गेली, आणि त्यांनी देशाची जी सेवा केली तिला तोड नाही. पण हळूहळू कुंपणाची भिंत उंच होत गेली. समाजाचे प्रश्न म्हणजे आपल्या शाळेची मान्यता, आपल्या दफनभूमीची जागा, आपल्या क्रूसाला लागलेला धक्का, एवढाच अर्थ उरला. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात काय आहे, गटाराचे कंत्राट कोणाला गेले, शेजारच्या पाड्यावर पाणी किती दिवसांनी येते, हे आपले प्रश्नच नव्हेत असे आपण धरून चाललो. फा. जेरोम डिसोझा यांना हा धोका बहुधा दिसला असावा. १९५१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली येशूसंघाने पुण्यात सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. तीच पुढे दिल्लीला जाऊन भारतीय सामाजिक संस्था या नावाने नावारूपाला आली. घटना समितीतून बाहेर पडलेला धर्मगुरू प्रथम सामाजिक न्यायाच्या शिक्षणाकडे वळतो, यात काही संगती आहे. व्हॅटिकन परिषदेनेही ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात लोकांच्या सेवेसाठी सार्वजनिक पदांचा भार उचलणाऱ्यांचा गौरव केला आहे आणि ख्रिस्ती नागरिकाला राजकीय जीवनातील त्याच्या विशेष कर्तव्याची आठवण दिली आहे. आपल्या प्रवचनांत ती ओळ किती वेळा आली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मोठ्या दाराने कोणी गेलेच नाही असे नाही. मुंबईत पत्रकारिता केलेले जोआकिम आल्वा कारवारकडच्या मतदारसंघातून तीनदा लोकसभेवर गेले, आणि त्यांच्या पत्नी व्हायोलेट आल्वा राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. १९६७ साली मंगळूरच्या एका कॅथॉलिक घरातील, धर्मगुरू होण्यासाठी गुरुविद्यालयात जाऊन तेथून बाहेर पडलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याचा पराभव केला. त्यांना निवडून देणारे टॅक्सीवाले, पालिकेचे कामगार, हॉटेलांतली पोरे कोणत्या धर्माची होती हे कोणी विचारले नाही. १९४९ चा निर्णय बरोबर होता याचा याहून सबळ पुरावा मिळणे कठीण. पण याच फर्नांडिसांनी जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारचा लोकसभेत आवेशाने बचाव केला, आणि काही दिवसांतच ते विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहिले. आपला माणूस निवडून आला की राजकारण आपोआप शुद्ध होईल, अशी जी भाबडी कल्पना आपण अधूनमधून बाळगतो, तिला हे उत्तर पुरेसे आहे.

त्याच १९६७ साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि भारतीय भाषांना एक नवा वाक्प्रचार दिला. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली. एकटादुकटा गेला तर पद जाई, एक तृतीयांश गेले तर ‘फूट’ म्हणून चाले. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजविली; दोन तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची मात्र राहिली. किरकोळ चोरी गुन्हा आणि घाऊक चोरीला मुभा, असा हा न्याय. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात जे घडले, त्यानंतर महाराष्ट्रातील मतदाराला आपण नक्की कोणाला मत दिले होते हेच कळेनासे झाले.

आणि गोव्यात घडले ते तर आपल्या जिव्हारी लागण्यासारखे आहे. जानेवारी २०२२ मध्ये निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाच्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घालण्यात आली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांच्या ११ आमदारांपैकी ८ जण भारतीय जनता पक्षात गेले. बांबोळीच्या क्रूसापुढे वाहन थांबवून मेणबत्ती लावणारा साधा भाविक आणि त्याच क्रूसापुढे हात जोडून शपथ घेणारा उमेदवार यांच्यातले अंतर मोजावयास आपल्याजवळ माप नाही. पण मला खरा खेद वाटतो तो आणखी एका गोष्टीचा. राजकीय सचोटीसाठी देवळाची, क्रूसाची व दर्ग्याची ग्वाही लागावी, याचा अर्थ मतदाराच्या नजरेचा धाक उरलेला नाही. देवाला साक्षी ठेवणे सोपे, कारण तो पुढच्या निवडणुकीत मतदान करीत नाही.

आता घराजवळचे. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. तिच्यात खेडी ओढली गेली त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, आणि गावे वगळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून राहिला. जून २०२० मध्ये पालिकेची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ लाखो वस्तीच्या या शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या लोकशाहीसाठी मुखर्जींनी हातातल्या जागा सोडल्या तिच्यात निवडणूकच होईना! यावर आपल्या धर्मग्रामांतून किती निवेदने गेली, किती सभा झाल्या? क्रूस तोडला गेला असता तर आपण हजारोंनी रस्त्यावर आलो असतो, आणि यावयासही हवे होते. मतपेटी बंद पडली तेव्हा मात्र घराबाहेर पडावेसे वाटले नाही.

तरीही मी निराश नाही, कारण याच मातीत दुसरे उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, टँकरवाले विहिरी उपसू लागले, आणि फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. त्या मोर्चांत केळीच्या वाड्या असलेले कॅथॉलिक होते, तसेच वाडवळ होते, भंडारी होते, कोळी होते, आगरी होते. मागणी पाण्याची होती, आणि पाण्याला धर्म नसतो. लढा पूर्ण जिंकला असे म्हणवत नाही. वसईच्या क्षितिजावर आज इमारती दिसतात त्या सर्वांना दिसतात. पण त्या काही वर्षांत वसईतील ख्रिस्ती माणूस स्वतःच्या कुंपणाबाहेर येऊन सर्वांच्या हिताविषयी बोलत होता, दहशतीपुढे उभा राहत होता, आणि शेजारी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत होते. १९४९ साली दिलेले वचन पाळणे म्हणजे काय, ते वसईने तेव्हा दाखवून दिले. त्यासाठी राखीव जागा लागली नाही. आमदारकीसुद्धा लागली नाही.

उलट ज्यांनी हक्काच्या जागा धरून ठेवल्या त्यांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. फ्रँक अँथनी यांच्या आग्रहामुळे अँग्लो-इंडियन समाजाला लोकसभेत दोन नियुक्त प्रतिनिधी मिळाले. मूळ मुदत दहा वर्षांची. ती वाढत वाढत सत्तर वर्षे चालली. जानेवारी २०२० मध्ये १०४ व्या घटनादुरुस्तीबरोबर ती संपली. त्या प्रतिनिधींनी चांगले काम केले नाही असे नव्हे. पण जी जागा सरकारच्या मर्जीने मिळते ती सरकारच्या मर्जीने जाते. आणि ती गेली तेव्हा रस्त्यावर येऊन विचारणारा मतदार तिच्यामागे उभा नव्हता.

घटना समितीतील आणखी एका सभासदाचे नाव मी मागे मुद्दाम राखून ठेवले होते. ॲनी मॅस्करीन या तिरुअनंतपुरमच्या कॅथॉलिक कुटुंबातील विदुषी. सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या दिवाणगिरीत त्रावणकोरमध्ये जबाबदार राज्यपद्धतीसाठी जो लढा झाला त्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. डिसेंबर १९४८ मध्ये त्या घटना समितीत आल्या. १९५१-५२ साली देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा राखीव जागा नव्हती, कोणत्या मोठ्या पक्षाचे तिकीटही त्यांच्याजवळ नव्हते. तिरुअनंतपुरम मतदारसंघात त्या अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांच्या दारांत मत मागावयास गेल्या, आणि निवडून आल्या. १९५७ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा मतदारांनी त्यांना घरी बसविले.